सेंद्रिय बाग, रासायनिक बाग आणि मोरचुदाचा हिशेब

प्रश्न निफाड तालुक्यातल्या एका ताईंचा आहे. कृषी पदवी घेऊन त्या घरच्या शेतीत उतरल्या आहेत. तीन एकर थॉमसन द्राक्ष, एक एकर भगवा डाळिंब आणि अर्धा एकर मुरमाड पडीक. त्यांना सगळी बाग सेंद्रिय करायची आहे. वडील म्हणतात, "सेंद्रियवालेही निळं पाणी मारतातच, मग फरक काय?" ताईंनी विचारलंय की भावाचा आणि खर्चाचा विषय क्षणभर बाजूला ठेवला, तर माती, पाणी, हवा आणि जीवजंतू यांचं नुकसान नेमकं कोणत्या पद्धतीत कमी होतं?

ताई, मी दिंडोरी तालुक्यात सव्वीस वर्षं द्राक्ष करतोय. त्यातली पहिली निम्मी पूर्ण रासायनिक, नंतर काही प्लॉट सेंद्रिय, काही अजून मिश्र. दुसऱ्यांच्या बागांतही सल्ल्यासाठी फिरतो. तुमच्या वडिलांनी बरोबर जागेवर बोट ठेवलंय, म्हणून निळ्या पाण्यापासूनच सुरू करतो.

हे निळं पाणी म्हणजे बोर्डो मिश्रण: मोरचूद (कॉपर सल्फेट) आणि चुना. 1885 च्या सुमारास फ्रान्समधल्या बोर्डो भागात ते डावणी या द्राक्षाच्या बुरशीजन्य रोगासाठी वापरात आलं आणि आजही डावणीवर त्याच्यासारखं खात्रीचं, स्वस्त औषध सेंद्रियवाल्याकडे दुसरं नाही. आता हिशेब मांडू. एक टक्क्याचं बोर्डो म्हणजे 100 लिटर पाण्यात 1 किलो मोरचूद. एकरी 300 लिटर पाणी लागलं तर 3 किलो मोरचूद गेलं. मोरचुदात साधारण पाव हिस्सा शुद्ध तांबं असतं, म्हणजे एका फवारणीत एकरी पाऊण किलो तांबं. हेक्टरी धरलं तर जवळपास 1.9 किलो. युरोपीय संघाने तांब्याला मर्यादा घातली आहे ती सात वर्षांत हेक्टरी 28 किलो, म्हणजे वर्षाला सरासरी 4 किलो. एक टक्क्याच्या दोन फवारण्यांत आपण त्या मर्यादेला जाऊन टेकतो. पावसाळी वर्षात चार-पाच फवारण्या करणारे सेंद्रिय बागायतदार मी पाहिले आहेत आणि छाटणीनंतर बोर्डो, मधे कॉपर ऑक्सिक्लोराईड (तेही तांब्याचंच औषध), पुन्हा बोर्डो असं करणारे रासायनिकवालेही.

तांब्याची अडचण अशी की ते कुजत नाही, उडून जात नाही. कीटकनाशक काही दिवसांत, काही महिन्यांत तुटतं, तांबं मातीच्या वरच्या थरात बसून राहतं. दरवर्षीचं नवं त्यावर साठतं. गांडुळांना आणि मातीतल्या बुरशींना ते नको असतं. माझ्याच जुन्या प्लॉटमध्ये, जिथे वडिलांच्या काळापासून बोर्डो पडत आलं, वेलीच्या बुंध्याजवळ फावडं मारलं तर वीतभर माती घट्ट, फिकट निघते, खोडाच्या सालीत निळसर पापुद्रा अडकलेला दिसतो, आणि गांडूळ क्वचित सापडतं. तिथून तीन फूट सरकून दोन ओळींच्या मधे, जिथे मी गवत वाढू देतो आणि कापून तिथेच टाकतो, तिथे तेच फावडं मारलं की माती भुसभुशीत, काळी, वासाची निघते आणि ढेकळात दोन-चार गांडुळं असतातच. एकाच बागेत, तीन फुटांच्या अंतरावर. सेंद्रिय चांगलं की रासायनिक, असं कुणी विचारलं की मी त्याला आधी ही दोन फावडी दाखवतो.

आणि बोर्डो करताना होणारी एक चूक सांगतो, कारण तीही पर्यावरणाचाच भाग आहे. चुना कमी पडला तर मिश्रण आम्ल राहतं, पानं करपतात, आणि मग पानं वाचवायला पुन्हा दोन फवारण्या वाढतात. आमच्याकडे जुनी पद्धत आहे: टाकीत घासलेला विळा किंवा लोखंडी खिळा मिनिटभर बुडवायचा. बाहेर काढल्यावर त्यावर तांबूस थर चढला असेल तर चुना अजून लागतो. थर येत नाही तोवर चुन्याची निवळी घालत राहायची. चांगला, ताजा भाजलेला चुना घेतला तर हे काम लवकर होतं, भाव बघून घेतलेल्या जुन्या चुन्यात खडेच जास्त.

म्हणजे वडील जिंकले का? नाही. कारण तांबं दोन्हीकडे आहे आणि रासायनिक बागेत त्याच्यावर बाकीचंही बरंच आहे. मँकोझेब हे बुरशीनाशक आपल्याकडे पाण्यासारखं वापरलं जातं. युरोपने 2020 मध्ये त्याची मान्यता पुढे वाढवायला नकार दिला. ऑक्टोबर छाटणीनंतर डोळे एकसारखे फुटावेत म्हणून आपण हायड्रोजन सायनामाईड लावतो. ते युरोपच्या बागांत चालत नाही, इथे मजूर स्पंजने, हाताने एकेका डोळ्यावर लावतात. त्या दिवशी दारू घेतली तर माणूस गंभीर आजारी पडू शकतो, हे ज्या मुकादमाला माहीत आहे तो सांगतो, बाकीचे सांगत नाहीत. पर्यावरण म्हणताना आपण नदी आणि पक्षी डोळ्यांसमोर आणतो. फवारणीच्या ट्रॅक्टरमागे उघड्या तोंडाने उभा असलेला माणूस मला त्यात सगळ्यात आधी दिसतो. या एका मुद्द्यावर सेंद्रिय पद्धत निर्विवाद पुढे आहे आणि माझ्यासाठी तेवढंच कारण पुरेसं होतं.

मिलीबगसाठी (पिठ्या ढेकणासाठी) ठिबकमधून इमिडाक्लोप्रिड हे कीटकनाशक सोडायची सवय तुमच्या भागात जोरात आहे. द्राक्षाला परागीभवनासाठी मधमाशी लागत नाही, म्हणून कुणी फार विचार करत नाही. पण ते औषध मुळातून वर चढतं तसं बागेतल्या फुलणाऱ्या तणातही चढतं, आणि शेजारी तुमचा एक एकर डाळिंब आहे. डाळिंबाला मधमाशी हवी. युरोपने 2018 मध्ये या गटातली तीन औषधं उघड्या शेतात बंद केली ती मधमाश्यांसाठीच. मिलीबगवर त्याला खाणारे क्रिप्टोलीमस भुंगेरे सोडून काम होतं, मी करतो, पण त्यांच्या मागेपुढे पायरेथ्रॉइड कीटकनाशकाची फवारणी झाली की भुंगेरे मेले आणि मिलीबग दुप्पट वेगाने परत. हा मित्रकीटकांचा फायदा सेंद्रिय बागेत खरोखर दिसतो. जगभरच्या अभ्यासांची एकत्र मांडणी झाली आहे, त्यात सेंद्रिय शेतात सजीवांच्या जातींची संख्या सरासरी 30 टक्क्यांच्या आसपास जास्त निघाली. आमच्याकडे शिंपी पक्षी आणि मुनिया मांडवात घरटी करायला लागल्या तेव्हा मला ते आकड्याशिवाय पटलं.

आता एक गैरसमज. "आमची द्राक्षं एक्सपोर्टची आहेत, रेसिड्यू फ्री (औषधाचे अंश नसलेली) आहेत, म्हणजे पर्यावरणालाही चांगली," असं बरेच जण म्हणतात. 2010 साली युरोपात गेलेल्या आपल्या द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराईड या वाढरोधकाचे अंश मर्यादेपेक्षा जास्त निघाले, कंटेनर अडकले, कितीतरी घरं त्या हंगामात कोसळली. त्यानंतर आपण तपासणी, नोंदी, काढणीपूर्व प्रतीक्षा काळ हे सगळं शिकलो आणि ते फार चांगलं झालं. पण प्रयोगशाळेतली तपासणी खाणाऱ्याच्या पोटात काय जाणार ते सांगते. छाटणीनंतरच्या पहिल्या पन्नास-साठ दिवसांत जमिनीवर, नाल्यात, विहिरीत काय गेलं ते त्या कागदावर येत नाही. स्वच्छ रिपोर्टची पेटी आणि थकलेली माती एकाच प्लॉटमधून निघू शकते.

उलट बाजूही सांगतो. सेंद्रियच्या नावाने बाजारात मिळणाऱ्या बाटल्यांवर डोळे मिटून विश्वास ठेवू नका. काही वर्षांपूर्वी मी एक "वनस्पतिजन्य अर्क" थ्रिप्ससाठी (फुलकिड्यांसाठी) वापरला. परिणाम इतका झटपट आला की शंका आली. पुढच्या तपासणीत फळात रासायनिक कीटकनाशकाचे अंश निघाले, तो प्लॉट त्या वर्षी सेंद्रिय म्हणून गेला नाही. विक्रेत्याने हात वर केले. तेव्हापासून निंबोळी अर्क घरी करतो आणि ट्रायकोडर्मा, बॅसिलस ही रोगांवरची जैविक औषधं घेताना बॅचची तपासणी मागतो.

खतांकडे येऊ, कारण हवामानाचा मोठा भाग इथे आहे. जमिनीत टाकलेल्या नत्रातलं साधारण एक टक्का नत्र नायट्रस ऑक्साईड होऊन हवेत जातं, असं ढोबळ धरतात. हा वायू कार्बन डायऑक्साईडच्या सुमारे 270 पट तापवणारा. म्हणजे 100 किलो नत्र टाकलं तर दीड किलोच्या आसपास वायू निघतो आणि तो 400 किलोंहून जास्त कार्बन डायऑक्साईडच्या बरोबरीचा होतो. शिवाय युरिया बनवताना कारखान्यात जळलेला नैसर्गिक वायू वेगळा. सेंद्रिय बाग तो कारखान्याचा भाग पूर्ण वाचवते. पण शेणखतातल्या नत्रालाही नायट्रस ऑक्साईड सुटतोच. उकिरड्यावर ओलं, दाबून ठेवलेलं खत कुजत राहिलं की मिथेनही निघतो. खत उलटंपालटं करून, हवा खेळवून कुजवलं तर हे खूप कमी होतं.

आणि प्रमाणाचं काय? चांगल्या शेणखतात नत्र अर्धा टक्का धरा. 10 टन खत म्हणजे 50 किलो नत्र. तेवढं शेणखत आता तालुक्यात मिळत नाही, ट्रक लांबून येतात आणि त्यांचं डिझेल आपल्या सेंद्रियच्या खात्यात कुणी मांडत नाही. म्हणून लोक कोंबडखताकडे वळले. ते नत्राला आणि स्फुरदाला तेज आहे. कच्चं कोंबडखत भारी काळ्या जमिनीत पावसाच्या तोंडावर पसरलं तर युरिया आणि ते यांत नदीच्या दृष्टीने काही फरक राहत नाही. तुमच्या बागेचं पाणी शेवटी कुठे जातं ते बघा. गोदावरी आणि कादवा जिथे मिळतात तिथे नांदूरमध्यमेश्वर आहे, महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ (जागतिक महत्त्वाची पाणथळ जागा), हिवाळ्यात लांबून येणाऱ्या पक्ष्यांचं. निफाडच्या शिवारातलं जादा नत्र, स्फुरद आणि तांबं उताराने तिकडेच निघतं. पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची आपली मर्यादा लिटरला 45 मिलिग्रॅम आहे. स्वतःच्या विहिरीचं पाणी एकदा मे महिन्यात आणि एकदा पावसाळ्यानंतर तपासून घ्या, पिशवीवर सेंद्रिय लिहिलंय की नाही याने त्या आकड्याला फरक पडत नाही.

उत्पादनाचा मुद्दा सेंद्रियवाल्यांना आवडत नाही, पण टाळता येणार नाही. समजा रासायनिक प्लॉटने एकरी 10 टन दिले आणि सेंद्रियने 7. मग तेवढ्याच द्राक्षांसाठी जवळपास दीड एकर लागणार, तेवढं पाणी, तेवढे लोखंडी अँगल, तेवढ्या ट्रॅक्टरच्या फेऱ्या. 2017 साली क्लार्क आणि टिलमन या अमेरिकी अभ्यासकांनी अनेक पिकांचे अभ्यास एकत्र करून दाखवलं की दर किलोमागे सेंद्रियला ऊर्जा कमी लागते, जमीन जास्त लागते, पाण्यात पोषकद्रव्यं जाऊन होणारं प्रदूषण जास्त निघतं, आणि हरितगृह वायूंत फारसा फरक नाही. एकरी हिशेब केला की सेंद्रिय जिंकतं, किलोमागे केला की गुंता होतो. दोन्ही हिशेब खरे आहेत. तुमच्या शिवाराच्या विहिरीला, तुमच्या मातीला एकरी हिशेब लागू पडतो. एकूण किती जंगल-माळ फळबागेखाली जाणार याला किलोचा.

मात्र फळबागेत ही तूट भाताएवढी, गव्हाएवढी अटळ नसते. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातल्या याकिमा खोऱ्यात 1994 ते 1999 सफरचंदाची सेंद्रिय, रासायनिक आणि दोन्हींची मिळून एकात्मिक अशी शेजारी-शेजारी तुलना झाली. उत्पादन तिन्हींत जवळपास सारखं आलं. मातीची प्रत सेंद्रिय आणि एकात्मिक या दोन्हींत रासायनिकपेक्षा चांगली निघाली. हा अभ्यास सेंद्रियच्या प्रत्येक कार्यक्रमात सांगितला जातो, पण याकिमा कोरडं आहे हे कुणी सांगत नाही. बुरशीला तिथे फार वाव नाही.

आणि मला वाटतं, नाशिकचं खरं उत्तर इथेच दडलंय. आपली द्राक्षशेती टिकली ती ऑक्टोबर छाटणीनंतरच्या कोरड्या महिन्यांमुळे. डावणीचा खरा धोका छाटणीनंतरचे पहिले पन्नास दिवस, तेही पाऊस किंवा दव असेल तर. ज्या वर्षी ऑक्टोबर-नोव्हेंबर कोरडा गेला, त्या वर्षी माझा सेंद्रिय प्लॉट शेजारच्या रासायनिक प्लॉटच्या बरोबरीने उभा राहिला, तांब्याच्या दोनच हलक्या फवारण्यांत. 2019 मध्ये परतीचा पाऊस नोव्हेंबरपर्यंत हटला नाही. घड कुजले, गळ झाली, आणि सेंद्रिय प्लॉटमध्ये मी बोर्डोवर बोर्डो मारूनही निम्मं पीक गमावलं. तांबं आणि गंधक आंतरप्रवाही नाहीत, प्रत्येक पाऊस ते धुऊन नेतो आणि धुतलेलं पुन्हा मारावं लागतं. म्हणजे डिझेल जास्त, ट्रॅक्टरच्या चाकांनी ओल्या मातीचं दाबणं जास्त, तांबं जास्त, आणि हाती माल कमी. त्या वर्षी पर्यावरणाच्या तराजूत माझा सेंद्रिय प्लॉट हरला, हे मी मान्य करतो.

म्हणून पद्धतीइतकीच छाटणीची तारीख महत्त्वाची आहे. बागलाणात आगाप (लवकरची) छाटणी भर पावसाळ्यात होते, भाव मिळतो, पण त्या बागेला सेंद्रिय करणं म्हणजे तांब्याचा पाऊस पाडणं. तुमच्या निफाडला छाटणी ऑक्टोबरच्या मध्यानंतर घ्या, सबकेन (ओलांड्यावरच्या काड्या) मोकळ्या ठेवा, फेलफुटी (नको असलेले फुटवे) वेळेत काढा, मांडवातून ऊन जमिनीवर ठिपक्या-ठिपक्यांनी पडलं पाहिजे. हवा खेळली की डावणी आणि भुरी (पानांवरची पांढरी बुरशी) दोन्हींचं बळ निम्मं होतं. भुरीला गंधक चालतं, फक्त ऊन तापल्यावर मारू नका, पानं भाजतात. प्लास्टिक आच्छादनाखाली डावणीच्या फवारण्या फार कमी होतात हे खरं, पण त्या प्लास्टिकचं पुढे काय होणार याचं चांगलं उत्तर माझ्यापाशी नाही, म्हणून मी ते केलेलं नाही.

डाळिंबाबाबत मी जास्त स्पष्ट बोलेन. तेल्या रोगाने सटाणा, मालेगाव, देवळा पट्ट्यातल्या बागा कशा उखडून टाकल्या ते तुमच्या वडिलांना आठवत असेल. तेल्या जिवाणूचा रोग आहे, म्हणून लोक त्यावर तांब्याबरोबर प्रतिजैविकं मारतात. माणसाच्या आजारात लागणारी औषधं उघड्या शेतात फवारणं मला सगळ्यात घातक वाटतं, युरियापेक्षाही. तुमचा एक एकर आजपासून यातून बाहेर काढा. मृग बहार (पावसाच्या सुरुवातीचा) सोडा, हस्त बहार (पावसाच्या शेवटीचा) धरा, म्हणजे फळ कोरड्या दिवसांत पोसतं. छाटलेल्या फांद्या आणि डागाळलेली फळं बागेबाहेर नेऊन पुरा. इतकं केलं तर डाळिंब सेंद्रियवर आणता येतं आणि तिथे पर्यावरणाचा फायदा दर किलोलाही मिळतो.

मुरमाड अर्ध्या एकरात सीताफळ लावा. सीताफळ, आवळा, बोर या झाडांना आपल्या हवेत फवारणी फार लागतच नाही. तिथे सेंद्रिय आणि रासायनिक यांची तुलना करण्यासारखं काही उरत नाही, मिलीबगकडे लक्ष ठेवलं की झालं.

खरड छाटणीनंतरच्या काड्यांबद्दल. एप्रिलमध्ये संध्याकाळी मुंबई-आग्रा रस्त्याने ओझर-पिंपळगावकडे जाताना बांधाबांधावर धूर दिसतो. पूर्ण वर्षाचा कार्बन आपण एका संध्याकाळी हवेत सोडतो. काड्यांचा चुरा करून वेलीखाली पसरला तर उन्हाळ्यातलं पाणी वाचतं, तण दबतं, ग्लायफोसेट हे तणनाशक मारायची वेळ येत नाही. यासाठी कुठलंही प्रमाणपत्र लागत नाही. रासायनिकवाल्याने हे केलं आणि सेंद्रियवाल्याने काड्या जाळल्या, तर मी पहिल्याच्या बागेला जास्त गुण देईन.

तर तीन एकर द्राक्ष एकदम बदलू नका. बहुवार्षिक पिकाला सेंद्रिय प्रमाणपत्रासाठी रूपांतराची तीन वर्षं धरावी लागतात. त्या काळात माती अजून तयार नसते, रोग पूर्ण जोमात असतो आणि तांब्याचा वापर सगळ्यात जास्त होतो. आधी एक एकर घ्या, शेजाऱ्याच्या ब्लोअरपासून (फवारणी यंत्रापासून) दूर असलेला, उताराच्या वरच्या अंगाचा. त्याच्या कडेने शेवरीची दाट ओळ लावा. बाकी दोन एकरांत इमिडाक्लोप्रिड आणि ग्लायफोसेट थांबवा, मधल्या पट्ट्यात ताग पेरून फुलायच्या आधी दाबा, डावणीला पूर्वसूचना बघूनच फवारा. वडिलांना विरोध करण्यापेक्षा फवारणीची वही त्यांच्याकडे द्या आणि दर फवारणीपुढे एक रकाना वाढवा: आज किती तांबं गेलं.

या आठवड्यात मातीचे नमुने काढा. वेलीखालची माती एका पिशवीत, ओळींच्या मधली दुसऱ्या पिशवीत, एकत्र करू नका. प्रयोगशाळेत नत्र-स्फुरद-पालाशबरोबर सेंद्रिय कर्ब आणि तांबं वेगळं मागून घ्या, मागितल्याशिवाय बरेचदा करत नाहीत. दोन्ही रिपोर्ट आले की पाठवा, तुमच्या त्या एका एकराला पुढच्या हंगामात मोरचूद किती झेपेल ते आपण त्यावरून ठरवू.